रेडिओवरून टेप केलेली श्रुतिका ‘साफ’ केली की निर्जीव का होते?

प्रश्न पाचोरा तालुक्यातून आला आहे. घरात ऐंशीच्या दशकात टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रावर, टेप केलेल्या चाळीसेक कॅसेटी आहेत. काहींत मुंबई केंद्राच्या श्रुतिका, काहींत विविध भारतीचा ‘हवामहल’, काहींत सिलोनची गीतमाला आणि दोन-तीन कॅसेटींत घरच्या कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) जागरणातली अहिराणी गाणी. त्यांतली एक श्रुतिका मोबाईलवर उतरवून खरखर घालवणाऱ्या अ‍ॅपमधून काढली. खरखर गेली, पण नाटकाचा जीवही गेला. शब्द ऐकू येतात, प्रसंग उभा राहत नाही. असं का झालं, आणि बाकीच्या कॅसेटी कशा उतरवायच्या?

झालं असं की अ‍ॅपनं पाऊस पुसला. खरखर घालवणारी बहुतेक अ‍ॅप फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. बोलणं ठेवायचं आणि सतत चालू असलेला बाकीचा आवाज काढायचा, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. श्रुतिकेतला पाऊस, वारा, नदी, बाजारातला गलका, चुलीतला जाळ हे सगळे सतत चालणारे आवाज आहेत. टेपची खरखर आणि चाळणीत तांदूळ फिरवून केलेला पाऊस यांत यंत्राला फरक कळत नाही. गाण्यांत तंबोऱ्याचं तेच होतं. सारखा चालू असलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून अ‍ॅप तो दाबून टाकतं आणि गाणं उघडं पडतं.

ही नाटकं ऐकणाऱ्याला आजही धरून का ठेवतात, याचं उत्तर इथंच आहे. रेडिओवरचं नाटक शब्दांइतकंच अंतरांवर उभं असतं. ‘मी निघतो’ हे वाक्य मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर म्हटलं तर ते मनाशी बोलणं होतं, हातभर अंतरावर म्हटलं तर समोरच्याशी, आणि मान वळवून दोन पावलं मागं सरत म्हटलं तर माणूस दाराबाहेर पडलेला असतो. जुन्या रिबन मायक्रोफोनला पुढून-मागून सारखं ऐकू येतं आणि दोन्ही बाजूंनी जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे नट समोरासमोर उभे राहत, आणि ‘लांब गेला’ दाखवायचं तर नट खोलीत लांब जाण्याऐवजी मायक्रोफोनच्या बहिऱ्या बाजूला सरकत असे. आवाज लहान होतो, पण खोलीचा घुमारा उरतो. कानाला अंतर कळतं ते या घुमाऱ्यावरून. खरखरीबरोबर घुमारा गेला की सगळी पात्रं एकाच जागी, एकाच अंतरावर येऊन उभी राहतात.

पात्रांची निवडही आवाजाच्या फरकावर व्हायची. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी घ्या. तीन आवाज, तिघांची पट्टी वेगळी, बोलण्याची गती वेगळी. नाव न घेता कोण बोलतंय ते पहिल्या अक्षराला कळायचं. मीडियम वेव्हवर साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं पोचत नाही, म्हणून सगळा अभिनय त्याच्या खालच्या पट्ट्यात भरलेला असे. लहान स्पीकरवरही तो पुरतो, तो त्यामुळे.

त्या काळच्या चित्रपटगीतांचं आणि भावगीतांचंही असंच. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. मुखडा लवकर यायचा, वाद्यमेळातलं प्रत्येक सुरावटीचं वळण मोजून बसवलेलं असायचं, आणि गायकाचा आवाज वाद्यांच्या पुढं ठेवलेला असायचा. सगळे वादक एका खोलीत, मोजके मायक्रोफोन, एका दमात ध्वनिमुद्रण. ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे केंद्रावरून सुरू झालं आणि त्याची छप्पन्न गाणी वर्षभर आठवड्यागणिक येत गेली. एका गाण्यानंतर पुढच्या गाण्यापर्यंत लोकांना आठवडा मिळायचा, आणि गाणं त्या आठवड्यात मुरायचं.

आता कामाला लागू. आधी कॅसेटींचा क्रम लावा. कानबाईच्या कॅसेटी सर्वांत आधी उतरवा. चित्रपटगीतं बाजारात आहेत, काही श्रुतिका आकाशवाणीच्या संग्रहात असू शकतात, पण तुमच्या अंगणातल्या बायकांनी त्या रात्री म्हटलेली गाणी दुसऱ्या कुठल्याच कॅसेटीत नाहीत. त्यानंतर श्रुतिका आणि असतील तर केंद्रावरचे अहिराणी कार्यक्रम, गीतमाला शेवटी. मात्र गीतमालेत निवेदन टेप केलेलं असेल तर ते जपाच. लोक गाणं सुरू झाल्यावर बटण दाबत, त्यामुळे निवेदन कमी कॅसेटींत सापडतं.

हात लावायच्या आधी प्रत्येक कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले प्लास्टिकचे कान मोडा. कान मोडले की चुकून रेकॉर्ड बटण दाबलं तरी कॅसेट पुसली जात नाही. मग उजेडात धरून खिडकीतून फितीचं वेटोळं बघा. कड एकसारखी, चकचकीत तपकिरी दिसायला हवी. पांढुरकी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी करा, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात आठवडाभर ठेवा, आणि डेकमध्ये घालण्याआधी कवच उघडून कोरड्या मऊ ब्रशनं पूड झाडा. नाकातोंडाला मास्क हवाच, आणि हे काम घराबाहेर करा. ओली बुरशी डेकमध्ये गेली तर ती हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते.

आपल्याकडचा मोठा शत्रू मात्र ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं. कवच वाकतं, आतलं वंगण सुकतं, आणि फितीला मागून हेडवर दाबणाऱ्या लोकरीच्या छोट्या गादीचा गोंद सुटतो. गादी पडलेली कॅसेट लावली की आवाज चिखलात गेल्यासारखा येतो, आणि फीत खराब झाली असं समजून लोक ती फेकतात. फीत बहुतेक वेळा धडधाकट असते. पाच स्क्रूचं एखादं नवं कवच घ्या, दोन्ही चकत्या फितीसकट जशाच्या तशा त्यात बसवा, दोन बाजूंचे निसरडे कागद नव्या कवचाचे ठेवा. चिकटवलेलं, बिनस्क्रूचं जुनं कवच असेल तर कडेच्या सांध्यात पातळ पातं घालून हळूहळू उकला, पातं आत खोल जाऊ देऊ नका. चालताना फीत किंचाळत असेल तर तिथंही कवच बदलणं हाच पहिला उपाय. इंटरनेटवर फीत भट्टीत तापवायचे सल्ले मिळतात. ते मुख्यतः स्टुडिओतल्या काही मोठ्या रिळांसाठी आहेत. घरगुती कॅसेटीवर करू नका.

तुटलेली फीत जोडायला साधी चिकटपट्टी वापरू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. कॅसेटीसाठीची जोडपट्टी मिळते, तीच घ्या, आणि ती फितीच्या पाठीकडून लावा.

डेक कोणता? जुना टू-इन-वन वापरू नका. लाइन-आउट (दुसऱ्या यंत्राला आवाज देणारी सॉकेट) असलेला, स्टीरिओ, चांगल्या अवस्थेतला घरगुती डेक शोधा. यूएसबीच्या नावाखाली नवीन मिळणारे स्वस्त कॅसेट-प्लेअर टाळा; त्यांची फीत ओढण्याची गती डळमळते. जुना डेक मिळाला की त्यातले रबरी पट्टे बदलून घ्या. जुना पट्टा विरघळून डांबरासारखा चिकट होतो. पट्टा ढिला आहे हे संवादात कळत नाही, पेटीच्या लांब सुरात लगेच कळतं, म्हणून डेकची परीक्षा नेहमी गाण्यावर घ्या. हेड आणि फीत ओढणारा लोखंडी दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा; रबरी चाकाला साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेला बोळा पुरतो. दर तीन-चार कॅसेटींनंतर परत पुसा. बोळ्यावर तपकिरी डाग येतोय तोवर पुसत राहायचं.

यानंतर येतो हेडचा कोन, दुरुस्तीवाले ज्याला अ‍ॅझिमथ म्हणतात. सबंध कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि नेमकी तीच सगळे वगळतात. तुमची कॅसेट ज्या टू-इन-वनवर भरली, त्याच्या हेडचा कल आणि आजच्या डेकच्या हेडचा कल जुळत नसतो. कल केसभर जरी चुकला तरी वरचे सूर गळतात, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, आणि मग माणूस सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवत बसतो. त्यानं फक्त खरखर वाढते.

हेडच्या दोन बाजूंना दोन बारीक स्क्रू असतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो कोनाचा. आधी त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावा, म्हणजे मूळ जागा कळेल. कॅसेट चालू करा, हेडफोन लावा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका. आता स्क्रू अगदी हळू, एका वेळी एक-अष्टमांश फेरा, दोन्हीकडे फिरवून बघा. शब्दांकडे लक्ष देऊ नका, खरखरीकडे द्या. एका जागी खरखर अचानक उजळते, बारीक आणि धारदार होते. तिथंच ‘स’ सुटा होतो. ती जागा धरा. पाव फेऱ्याहून जास्त फिरवायची वेळ आली तर थांबा. दोष कवचात किंवा गादीत आहे. हे प्रत्येक कॅसेटीला नव्यानं करायचं, कारण वर्षांच्या अंतरानं यंत्रं बदललेली असतात, आणि कित्येकदा एकाच कॅसेटीची दुसरी बाजूही वेगळा कोन मागते. काम संपलं की स्क्रू ठिपक्यावर परत आणा. डॉल्बीचं (खरखर कमी करण्याच्या सोयीचं) बटण बंद ठेवा. घरगुती टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटींत डॉल्बी नसतं, चालू ठेवलं तर वरचे सूर विनाकारण दबतात.

गतीकडे वळू. भारनियमनात टू-इन-वन मोठ्या सेलांवर चालायचे. सेल उतरत गेले की भरताना फीत हळू ओढली जायची. आज ठरलेल्या गतीनं लावली की बाजूच्या शेवटी शेवटी सगळे आवाज बारीक आणि घाईचे होत जातात. गती मोजायला कॅसेटीतलंच गाणं वापरा. त्याच गाण्याची कंपनीनं काढलेली प्रत घ्या. तबकडीची प्रत आणि चित्रपटातली प्रत बऱ्याचदा वेगळी असते. रेडिओवर तबकडी लागायची, तीच घ्या. गाणं रेडिओवर मध्येच तोडत, म्हणून पूर्ण लांबी न मोजता पहिल्या अंतऱ्याचा पहिला शब्द ते शेवटच्या अंतऱ्याचा पहिला शब्द, एवढं अंतर दोन्हींत मोजा. मूळ प्रतीत १०८ सेकंद आणि कॅसेटीत १०५ भरली तर १०५ भागिले १०८ म्हणजे ०.९७२. गती २.८ टक्क्यांनी कमी करायची. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड आणि पिच दोन्ही एकत्र बदलणारी सोय आहे, तीच वापरा. नुसती पट्टी किंवा नुसता काळ बदलणाऱ्या सोयी आवाज नव्यानं विणतात आणि त्यात धातूचा नाद येतो.

काही जण विजेच्या गुणगुणीवरून गती लावायला सांगतात: ती ५० हर्ट्झची, तर फितीतली गुणगुण ५० वर आणा. त्या काळच्या कॅसेटींना हा हिशेब लावू नका. भार वाढला की विजेची वारंवारता तेव्हा ५० च्या बरीच खाली उतरत असे. त्या गुणगुणीला प्रमाण मानलं तर बरोबर गतीची कॅसेट तुम्ही बिघडवाल.

उतरवताना मोबाईलची किंवा लॅपटॉपची माइकची भोकं वापरू नका. ती मायक्रोफोनच्या क्षीण विजेसाठी असतात. डेकचा आवाज तिथं फाटतो, आणि बहुतेक ठिकाणी आत बसवलेली आवाज-सफाई आपोआप चालू असते. पाचोऱ्याच्या श्रुतिकेचा निम्मा घात इथंच झाला असावा. लाइन-इन असलेलं साधं यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेक आणि संगणक जोडणारी डबी, घ्या. २४ बिट, ४८ हजार हर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तासाभराच्या स्टीरिओ कॅसेटीची वेव्ह फाईल सुमारे एक जीबी होते. चाळीस कॅसेटींना चाळीस-बेचाळीस जीबी. टू-इन-वन मोनो असला तरी उतरवताना दोन्ही चॅनल घ्या. नंतर दोन्ही ऐकून ज्यात फितीची कड कमी झिजली आहे ते एक ठेवा. डोळे झाकून दोन्हींची बेरीज केली आणि कोन जरा चुकलेला असला, तर वरचे सूर एकमेकांना खातात.

ही मूळ फाईल कधीही बदलायची नाही. सफाई तिच्या प्रतीवर.

सफाईत माझा नियम कमीत कमी हाताचा. मीडियम वेव्हवर शेजारच्या केंद्रामुळे येणारी बारीक शिट्टी १९७८ नंतरच्या टेपांत ९ हजार हर्ट्झच्या आसपास असते. तेवढ्याच जागी अरुंद नॉच फिल्टर, म्हणजे तेवढाच सूर कापणारी सोय, लावा. गती दुरुस्त केली असेल तर शिट्टी आणि गुणगुण थोडी सरकलेली असते, म्हणून आकडा स्पेक्ट्रमवर (कोणता सूर किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) बघून घ्या. विजांचा कडकडाट, विहिरीवरच्या मोटारीची टकटक असले सुटे आवाज एकेक निवडून दुरुस्त करा, सबंध फाईलवर एकदम नाही. खरखर कमी करायचीच असेल तर ५-६ डेसिबलवर थांबा. त्यापुढे गेलात की ‘ख’, ‘घ’, ‘भ’ मधला श्वास आणि ‘स’ची धार जाते.

संवादाच्या थांब्यांत एक खास अडचण येते. टू-इन-वनमध्ये आवाज आपोआप सावरणारी सोय असायची. पात्र गप्प झालं की यंत्राला वाटायचं आवाज कमी पडला, आणि ते हळूहळू गुणगुण वर ओढायचं. म्हणजे थांबा मुळात शांत होता, टेपेत तो फुगला. अशा लांब थांब्यात एन्व्हलप टूलनं (जागोजागी आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीनं) हातानं ४ डेसिबलचा उतार द्या, पुढच्या शब्दाच्या जरा आधी परत वर आणा. पूर्ण शांतता कधीच टाकू नका. कान लगेच ओळखतो की फाईल बंद पडली, आणि खोली नाहीशी होते. कानबाईच्या कॅसेटीत याच सोयीमुळे ढोल वाजला की गाणं दबतं आणि ढोल थांबला की उसळतं. ते पूर्ण सुधारत नाही. ढोलाच्या ठोक्यानंतरच्या ओळी हातानं दोन-तीन डेसिबल उचलल्या तर शब्द लागतात. बांगड्यांची किणकिण, मध्येच कुणी कुणाला दिलेली हाक, यातलं काही कापू नका.

९० आणि १२० मिनिटांच्या कॅसेटींत फीत पातळ असते, तिच्या एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. श्रुतिकेत मग पात्र बोलण्याआधी दीड ते तीन सेकंद त्याच वाक्याची सावली ऐकू येते. सॉफ्टवेअरनं ती काढता येत नाही. उतरवण्याआधी कॅसेट दोन-तीनदा टोकापासून टोकापर्यंत गुंडाळून घेतली तर बरीच कमी होते.

सिलोनच्या शॉर्टवेव्ह टेपांत आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, कारण लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकींत मिसळतात. तो कॉम्प्रेसरनं (लहान-मोठा आवाज सारखा करणाऱ्या सोयीनं) सपाट करायला गेलात तर उतारातली सगळी खरखर वर येते. तसाच ठेवा.

ऐकायला मोठी यंत्रणा नको. पाच-सहा इंची एकच स्पीकर, मोनो, खोलीत कानाच्या उंचीवर, आवाज माणूस समोर बसून बोलेल इतकाच. घरात जुना लाकडी वाल्वचा रेडिओ असेल आणि त्याच्या पाठीमागे ग्राम किंवा पिक-अपची सॉकेट असेल तर त्यातून या फायली फार छान वाजतात, पण तो सेट थेट प्लगमध्ये घालू नका. आधी जाणकाराकडून कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलून घ्या, पहिल्यांदा सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत एका ओळीत जोडलेला बल्ब) लावूनच चालू करा. आत अडीचशे व्होल्टच्या घरात डीसी असतं. एसी-डीसी प्रकारच्या सेटांत सांगाड्यालाच मेनची वीज येऊ शकते. त्यांना मोबाईल किंवा लॅपटॉप कधीही जोडायचा नाही.

नातेवाइकांना पाठवायला १२८ केबीपीएसची मोनो एमपी३ पुरे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इंटरनेटवर चढवताना मात्र थांबा. ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, प्रक्षेपणाचे २५ वर्षं आणि नाटककाराचे त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात; ऐंशीच्या दशकातली श्रुतिका प्रक्षेपणाच्या हक्कातून सुटली तरी लेखकाच्या हक्कात बहुतेक वेळा असतेच. कानबाईच्या गाण्यांसाठी ज्यांचे आवाज आहेत त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा, आणि विचारायला जाल तेव्हा फाईल सोबत घेऊन जा. कोणती ओळ कुणी म्हटली, गाव कोणतं, साल कोणतं हे त्यांच्याकडून तिथंच लिहून घ्या आणि ते फाईलच्या नावात घाला. कॅसेटीवरच्या चिठ्ठीचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत हव्यात, आणि मूळ कॅसेटी फेकायच्या नाहीत. त्या माळ्यावरून खाली आणा आणि मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, स्पीकरपासून लांब, पुस्तकांसारख्या उभ्या लावा.